तीन आकड्यांचा उशीर

भिवा मिस्त्रीचे पाय मी आधी पाहिले, तोंड नंतर. १९७३ ची दिवाळी होऊन गेली होती. पैठणच्या धरणाचा डावा कालवा खोदत खोदत आमच्या घनसावंगीच्या शिवाराकडं सरकत होता. मॅट्रिक झाल्यावर मी चार वर्षं घरी बसून होतो, आणि कालव्याच्या ठेकेदार कंपनीत मला स्टोअरकीपरची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी वर्कशॉपच्या पत्र्याखाली गेलो, तर एका पिवळ्या लोडरच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत टायरच्या चपला.

“कोन हाये?” आतून आवाज आला.

“नवा स्टोअरकीपर. देवानंद.”

“मंग देवानंदभाऊ, एकोणीसचा पाना द्या जल्दी. हात अडकून राह्यला माझा.”

पाना दिला. थोड्या वेळानं तो सरपटत बाहेर आला. चाळिशीच्या आतला, काटक माणूस. मिशीला ग्रीस लागलेलं आणि त्याचं त्याला भान नाही. माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, “पांढरा सदरा घालून येत जाऊ नका हितं.”

भिवा तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातला. छप्पन साली त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि गावकीची कामं एका दिवसात बंद केली. गावानं मग मजुरीही बंद केली. विशीतला भिवा जालन्याला गेला आणि एका जिनिंगमध्ये तेलपाण्याच्या कामाला लागला. पुढं धरण सुरू झालं तेव्हा तिकडं गेला. तिथं एका पंजाबी मिस्त्रीनं त्याला हाताखाली घेतलं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण मशीनच्या पुस्तकातली चित्रं तो तासन्‌तास बघायचा आणि आकडे मात्र चुकायचा नाही. कॅम्पवर सतरा मशीनं होती. कोणतं कुठं कुरकुरतं ते त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्या पिवळ्या लोडरला सगळे बिनक्लचची गाडी म्हणायचे. पायाखाली क्लच नव्हताच. स्टिअरिंगजवळ एक छोटा दांडा होता. पुढं टाकला की गाडी पुढं, मागं ओढला की मागं. मला त्याचं नवल वाटायचं. एकदा भिवानं दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून समजावलं. “क्लच हाये, पन आत हाये. ह्या प्लेटा. दांडा टाकला का तेलाचा दाब येतो अन् प्लेटा अशा दाबून धरतो.” त्यानं तळहात घट्ट मिटले. “दाब बराबर आला तर गाडी लगेच उचलते. दाब कुठं गळला तर प्लेटा जुळायला वेळ लागतो. तेवढा वेळ गाडी कुनाचीच नसते.”

ती गाडी धुळाजी चालवायचा. जवळच्याच धनगरवाडीचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली आणि तो कालव्यावर माती टाकायला आला. मशीनकडं सारखं बघत उभा राहायचा म्हणून कुणीतरी वर बसवलं. दीड वर्षात तो कॅम्पवरचा सगळ्यात सावध ऑपरेटर झाला. गाडी सुरू करण्याआधी खाली उतरून चहूबाजूंनी एक फेरी मारायचा. दारूचा थेंब घेत नव्हता.

१९७४ च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. पत्र्याखाली बसवत नव्हतं. धुळाजी कालव्याच्या खोदाईतून लोडरची पुढची बादली मातीनं भरून घेऊन चढावरून वर येत होता. समोरून डंपर उतरत होता, म्हणून अर्ध्या चढावर थांबला. त्या गाडीचा ब्रेक दाबला की गिअर आपोआप सुटायचा, म्हणजे ब्रेक आणि गिअर दोन्ही एकदम धरून ठेवायची सोय नव्हती. ब्रेक सोडायचा आणि गाडी उचलेल असा भरवसा ठेवायचा. डंपर गेला. धुळाजीनं ब्रेक सोडला. गाडी उचललीच नाही, मागं घरंगळली. किती, तर जेमतेम दोन हात. तेवढ्यात मागून गोपिकाबाई डोक्यावर घागर घेऊन चढ ओलांडत होती.

ही गोपिकाबाई म्हणजे धुळाजीच्या चुलतभावाची, रायभानची बायको. मजुरांना पाणी पाजायचं काम करायची. मागचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं.

किंकाळी वर्कशॉपपर्यंत आली. आम्ही धावलो. धुळाजी खाली उतरून चाकाला दोन्ही हातांनी ढकलत होता, जणू ती गाडी हातानं हलणार होती. भिवा वर चढला, गाडी पुढं घेतली. कंपनीच्या जीपमधून गोपिकाबाईला औरंगाबादला नेलं. जीव वाचला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

त्याच संध्याकाळी धुळाजीला पोलीस घेऊन गेले. कॅम्पवर कुणी म्हणालं, त्याला डुलकी लागली. कुणी म्हणालं, प्यायला होता. जे त्याला रोज बघायचे तेही हे म्हणू लागले. कंपनीचे साइट इनचार्ज काकासाहेब सकाळी वर्कशॉपमध्ये आले. शांत बोलणारा माणूस. आवाज चढवून बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही.

“भिवा, फौजदार येतील. त्यांच्यासमोर मशीन चालवून दाखव. मशीन ठीक आहे, असं लिहून द्यायचं आहे.”

“बघतो, साहेब.”

“बघायचं काय त्यात? ठीकच आहे.”

नऊ वाजता फौजदार आले. भिवानं गाडी सुरू केली. दांडा पुढं टाकला, गाडी चटकन उचलली. मागं ओढला, चटकन मागं आली. तीनदा करून दाखवलं. फौजदारांनी लिहून घेतलं, भिवानं सही केली, आणि सगळे गेले. भिवा मात्र सीटवरून उतरला नाही. इंजिन बंद करून तसाच बसून राहिला. मला वाटलं, कालचं डोळ्यांसमोर येत असेल.

तिसऱ्या दिवशी धुळाजी जामिनावर सुटला आणि घरी न जाता थेट कॅम्पवर आला. वॉचमन आत सोडेना. तारेच्या कुंपणाबाहेर उन्हात उभा राहिला. भिवा हातातलं काम टाकून त्याच्याकडं गेला, मीही गेलो. धुळाजीची दाढी वाढली होती आणि नजर एका जागी ठरत नव्हती.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “मी दांडा पुढंच टाकला होता ना? का मधीच राह्यला? मला आता काहीच समजून न्हाई राह्यलं. समदे म्हनतात माझ्या हातून झालं. झालं आसंन.”

“समदे म्हनतात ते सोड. तुला काय आठवतं ते सांग. ब्रेक सोडल्यावर इंजिनचा आवाज वाढला का?”

“वाढला. मी रेस दिली. आवाज वाढला, पन गाडी न्हाई उचलली. मंग एकदम झटका बसला अन् उचलली. तवर…”

“असं आधी कधी झाल्तं?”

“व्हायचं. दुपारचं व्हायचं. सकाळी बिलकुल नीट.”

“रिव्हर्सला?”

“रिव्हर्सला कधीच न्हाई. पुढंच.”

“कधीपासून?”

“संक्रांतीच्या मागंपुढं. थोडं थोडं.”

“मंग मला काहून न्हाई सांगितलं, येड्या?”

धुळाजीनं त्याच्याकडं बघितलं. “सांगितलं होतं, मिस्त्री. तुमी क्रेनवर होते. तुमी म्हनले, तेल बघतो.”

भिवानं कुंपणाची तार हातात धरली होती. मग म्हणाला, “व्हय. म्हनलो होतो.” आणि आत आला.

त्याच दुपारी कुणाला न विचारता त्यानं लोडर बाहेर काढला. मोकळ्या रानात मातीचा एक मोठा ढीग होता. दोन तास तो तोच ढीग इकडून उचलून तिकडं टाकत राहिला. मला सावलीत उभं केलं होतं. मला कळेना हा काय करतो आहे. शेवटी गाडी थांबवून त्यानं हाक मारली.

“आता तेल तापलं. दुपारचं असतं तसं झालं. माझ्या हाताकडं बघा अन् मोजा.”

त्यानं दांडा मागं ओढला. मी ‘एक’ म्हणायच्या आत गाडी मागं सरकली. मग थांबवून पुढं टाकला.

“एक… दोन… तीन…” मी मोजत होतो. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागेवर. तीन म्हटल्यावर धक्का बसून ती पुढं निघाली.

पुन्हा केलं. पुन्हा तीन. एकदा तर चारपर्यंत गेलं.

भिवा खाली उतरला. आधी तेलाची पट्टी बाहेर काढून बघितली. तेल खुणेपर्यंत होतं. तेलाचा एक थेंब बोटांवर घेऊन चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं हात केला. जळकट वास येत होता. मग तेलाची जाळी काढली. तिच्यात काळसर भुगा होता, पण तुंबलेली नव्हती. जाळी धुऊन परत बसवली, पुन्हा मोजायला लावलं. तीनच.

“पंपाचं दुखनं असतं तर दोनी बाजूला उशीर लागला असता,” तो म्हणाला. मला सांगत नव्हता, स्वतःशीच चाललं होतं. “गेज द्या.”

दाब मोजायचं गेज माझ्या कपाटात कुलपात असायचं. मी आणलं. त्यानं गिअरच्या घराच्या अंगाचा एक बूच उघडून तिथं ते बसवलं, मला काट्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि वर चढला. रिव्हर्सला काटा जरा हलला आणि लगेच जागेवर आला. मग पुढं टाकलं. काटा निम्म्याखाली पडला, थरथरला आणि हळूहळू वर चढू लागला. मी मोठ्यानं आकडे सांगत होतो. पूर्ण वर तो आलाच नाही.

भिवानं इंजिन बंद केलं. इतक्या आवाजानंतर एकदम शांत झालं.

“पुढं न्यायचा क्लच येगळा असतो. त्याच्या पिस्टनची रबरी रिंग,” तो म्हणाला. “तेल थंड असतं तवर जाड असतं, रिंग कशीबशी धरते. तापलं का पातळ होतं, रिंगेच्या बाजूनं पळतं. दाब भरायला वेळ लागतो.”

“मग सापडलं की!” मी म्हणालो. “धुळाजी सुटला.”

तो खाली उतरला. माझ्याकडं नुसता बघत राहिला. तेव्हा मला आठवलं.

डिसेंबरात हाच क्लच उघडला होता. प्लेटा घासल्या होत्या. नव्या प्लेटा मुंबईहून आल्या, पण रिंगांचं किट आलं नाही. ते परदेशातून यायचं होतं, महिने लागणार होते. लोडर बंद म्हणून खोदाई बंद आणि पाहणीसाठी मोठे साहेब येणार होते. काकासाहेबांनी भिवाला सांगितलं, कोपऱ्यात भंगारात पडलेल्या लोडरची रिंग काढून घाल. भिवा म्हणाला, “साहेब, ती ताठर झालीय, टिकनार न्हाई.” काकासाहेब म्हणाले, “किट येईपर्यंत चालव.” भिवानं घातली. आणि कंपनीच्या तपासणीत प्रश्न नको म्हणून दुरुस्तीच्या रजिस्टरात काकासाहेबांनी ‘नवीन किट’ असं लिहायला लावलं. लिहिलं कुणी? मी. माझ्याच सुवाच्य अक्षरात. किट पुढं कधी आलंच नाही आणि गाडी चालत राहिल्यामुळं आम्ही सगळेच विसरलो.

त्या संध्याकाळी भिवा मला त्याच्या झोपडीवर घेऊन गेला. कांताबाई, त्याची बायको, चुलीपुढं होती. भिवानं तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

“मंग आता?”

“आता उघडतो ती गाडी. फौजदारासमोर उघडतो.”

“अन् सांगनार काय? रिंग मी घातली म्हनून?”

“मीच घातली.”

“साहेबानं घालाया लावली!”

“हात माझा होता. अन् धुळाजीनं सांगितल्यावर बी मी न्हाई बघितलं.”

कांताबाई पदरानं हात पुसत उठली. तिचा आवाज खाली आला. “तुमी समजून न्हाई घेऊन राह्यले. आज ते लोक धुळाजीला शिव्या देतात, तो त्यांच्यातला हाये. उद्या तुमचं नाव निघलं, का तुमी एकले न्हाई राहनार. बाईचा पाय बौद्धवाड्यातल्या मानसानं घालवला म्हनतील. तुमचा भाऊ हाये गावात, म्हातारी हाये. त्यांनी कुठं जायचं?”

भिवाचं ताट समोर तसंच होतं. माझ्याकडं वळून म्हणाला, “देवानंदभाऊ, तुमी काय म्हनता?”

मी म्हणालो, थोडं थांबून बघावं. मला रजिस्टरातल्या माझ्या अक्षराची भीती वाटत होती, पण ती मी सावधपणा म्हणून खपवली.

भिवा एक दिवस थांबला. तो दिवस त्यानं कसा काढला ते मी बघितलं आहे. हातातून पाना दोनदा पडला. क्रेनचा एक नट त्यानं उलटाच फिरवला आणि स्वतःलाच शिवी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन तो धनगरवाडीला गेला. एकटाच. परत आला तेव्हा सोबत रायभान होता, गोपिकाबाईचा नवरा. आणि मागून धुळाजी. त्याला वॉचमननं आज अडवलं नाही, भिवाचा चेहरा बघून असेल.

काकासाहेब ऑफिसच्या दारात आले. “हे काय आहे?”

“साहेब, गाडी उघडतो. ह्या दोघांसमोर. फौजदारांना बी निरोप धाडलाय.”

“मी सांगितलंय का उघडायला?”

“न्हाई, साहेब.”

“मग हात लावू नकोस.”

भिवानं पान्यांची पेटी जमिनीवर ठेवली. “मला कामावरून काढा साहेब, पन उघडून झाल्यावर काढा.”

काकासाहेब आत गेले आणि फोनला लागले. भिवा कामाला लागला. गिअरचं घर खाली उतरवायला अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लचचं घर उघडलं. फौजदार तोवर आले होते. रायभान दोन दिवस तिथंच उकिडवा बसून होता. भिवानं पिस्टन बाहेर काढला, त्याच्या खाचेतून रिंग सोडवली आणि तळहातावर धरली. रबर काळं, ताठर, एका जागी नखाएवढा तुकडा निघून गेलेला. त्यानं दोन बोटांनी ती वाकवली. ती बिस्किटासारखी मोडली.

“हितून तेल पळत होतं,” तो फौजदारांना म्हणाला. “गाडी उचलायला तीन आकडे लागत होते. धुळाजीची चूक न्हाई. ही रिंग जुनी हाये. भंगारातली. मी घातली, डिसेंबरात.”

रायभान उठला. मला वाटलं, आता हात टाकतो. त्यानं भिवाच्या हातातला रिंगेचा तुकडा घेतला, उलटापालटा करून बघितला. एवढुसा तुकडा. मग तो खाली टाकून चालू लागला. धुळाजी मात्र गाडीच्या चाकाला पाठ लावून खाली बसला आणि हमसून रडायला लागला.

फौजदारांनी विचारलं, “जुनी का घातली?”

“नवी आली न्हाई. साहेबांनी हीच घाल म्हनलं. मी घातली.”

काकासाहेब म्हणाले, “रजिस्टर बघा. नवीन किट टाकल्याची नोंद आहे. यानं नवीन किटचं काय केलं ते यालाच विचारा.”

फौजदारांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडं वळले. “हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“किट आलं होतं का?”

भिवा माझ्याकडं बघत नव्हता. पिस्टन पुसत होता. घरी आई होती, दोन बहिणी होत्या, चार वर्षांनी लागलेली नोकरी होती. मी म्हणालो, “रजिस्टरात आहे तेवढंच मला माहीत.”

ते वाक्य मी अजून ऐकतो.

भिवाला त्याच दिवशी कामावरून काढलं. आता त्याच्यावर दोन ठपके होते, एक निष्काळजीपणाचा आणि दुसरा चोरीचा. कांताबाईला जी भीती होती ती खोटी नव्हती. गावात त्याच्या भावाला कुणी रोजानं बोलवेना. बौद्धवाड्यातली माणसं बाजाराला दोघा-तिघांनी मिळून जाऊ लागली. एका सकाळी भिवाच्या घरापुढं तरणी पोरं काठ्या घेऊन आली. त्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला तो धुळाजी. मी तिथं नव्हतो, कांताबाईनं पुढं मला सांगितलं. तो म्हणाला होता, “मला फासात टाकून हा मानूस गप बसला असता, तर तुमी आज माझ्या घरापुढं आला असता. ह्यानं तोंड उघडलं म्हनून त्याला मारता का?” पोरं परत गेली. पण तेढ लगेच गेली नाही, वर्षभर राहिली.

खटला अंबडच्या कोर्टात १९७५ च्या हिवाळ्यात उभा राहिला. तोवर मी नोकरी सोडली होती. मोठा विचार करून सोडली असं म्हणत नाही, मला त्या कपाटाजवळ बसवत नव्हतं एवढंच. साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी तीर्थपुरीला गेलो. भिवा तिथं बाजाराच्या टोकाला एका टपरीत विहिरींची इंजिनं दुरुस्त करायला बसला होता. मला बघून त्यानं पोतं झटकून बसायला दिलं.

“भिवादादा, मी कोर्टात खरं सांगणार आहे. किट आलं नव्हतं.”

तो इंजिनचं झाकण काढत होता, ते काढून बाजूला ठेवलं. “सांगा,” म्हणाला. “धुळाजीसाठी सांगा. माझ्यासाठी सांगून राह्यले असाल तर उशीर झाला.”

मी सांगितलं. वकिलानं मला उभं-आडवं घेतलं. तेव्हा खोटं बोललात की आता, असं पाच वेळा विचारलं. पाचही वेळा मी म्हणालो, तेव्हा. धुळाजी निर्दोष सुटला. भिवावरचा चोरीचा ठपका गळून पडला, निष्काळजीपणाचा त्यानं कधी नाकारलाच नाही. काकासाहेबांची तोवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामावर बदली झाली होती, त्यांना कुणी काही केलं नाही. गोपिकाबाईला कंपनीनं काहीतरी दिलं आणि अंगठा घेतला.

धुळाजी पुन्हा मशीनवर चढला नाही. भावानं थोडी मेंढरं दिली, ती घेऊन तो गोदावरीकाठच्या रानात हिंडू लागला. मला एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “मेंढराला गिअर नसतो, हे बेस हाये.” हसला, पण हसू टिकलं नाही.

आणि गोपिकाबाई. कोर्टाचा निकाल लागल्यावर भिवा तिला भेटायला धनगरवाडीला निघाला. मला म्हणाला, चला. मी गेलो. ती घराच्या ओट्यावर काठी शेजारी ठेवून शेंगा फोडत बसली होती. भिवा अंगणात खाली बसला.

मग तिनंच विचारलं, “ती रिंग जुनी हाये, हे तुला माहीत होतं?”

“व्हय, बाई.”

“टिकनार न्हाई, हे बी माहीत होतं?”

“व्हय.”

“मंग दुपारच्याला मी रोज त्या गाडीमागून पानी घेऊन जायची, तवा तू कुठं होता?”

भिवानं मान खाली घातली. “वर्कशॉपात होतो. शंभर पावलांवर.”

ती शेंगा फोडत राहिली. टरफलं आणि दाणे वेगवेगळे करत होती. “तू खरं सांगितलं म्हनून माझा दीर सुटला. ते चांगलं झालं,” ती म्हणाली. “पन मला माफ कर म्हनू नको. ते माझ्यानं व्हनार न्हाई.”

“म्हनायला न्हाई आलो.”

“मंग काहून आला?”

“तुमी इचाराल म्हनून आलो. इचारायचं तुमचं राह्यलं होतं.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “जा आता.”

आम्ही उठलो. येताना सायकली हातात धरून चालत आलो. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, “धुळाजीनं सांगितलं त्या दिवशी क्रेनचं काम अर्ध्या घंट्याचं होतं. त्याच्यानंतर बघता आलं असतं.”

त्यानंतर तो दर उन्हाळ्यात एकदा तिच्याकडं जायचा. मी दोनदा त्याच्यासोबत होतो. ती त्याला बस म्हणायची नाही आणि जा असंही पुन्हा म्हणाली नाही. तो अंगणात बसायचा, रायभानशी पेरणीचं, पाण्याचं दोन शब्द बोलायचा आणि निघायचा. १९७९ साली मी गेलो तेव्हा तिची थोरली मुलगी सासरहून आली होती. तिनं न विचारता दोघांसमोर चहाचे कप ठेवले. भिवानं आधी गोपिकाबाईकडं बघितलं. तिनं नजर वळवून दुसरीकडं केली. त्यानं कप उचलला आणि घाईनं, तोंड भाजत, चहा संपवला.